साडूचा सरळ सूर

माझा साडू ट्रम्पेट चांगलं वाजवतो. एवढं एक वाक्य लिहायला मला तीस वर्षं लागली, आणि आत्ता लिहितानाही पोटात दुखतंय. तरी लिहितो, कारण पुढचं जे सांगायचं आहे ते या वाक्याशिवाय कळणार नाही.

आम्ही दोघं नागपूरच्या महालातल्या एकाच गल्लीतले. गल्लीच्या तोंडाशी बँडचं दुकान होतं, आजही आहे. दुकान म्हणजे काय, तर एक खोली, भिंतीवर टांगलेले लाल कोट, खाली ढोल, आणि दारात खुर्ची टाकून बसलेले आमचे मास्टर. त्यांनी आम्हा दोघांना एकाच उन्हाळ्यात ट्रम्पेट हातात दिलं. साडूचा सूर पहिल्याच महिन्यात सरळ लागायला लागला. जो सूर हवा त्यावर तो नेमका जाऊन उभा राहायचा. मला ते जमेना. मी खालच्या सुरावरून घसरत घसरत वर जायचो आणि मग मुक्कामाला पोहोचायचो. मास्टरांनी छडीनं माझी पोटरी किती वेळा लाल केली, पण खोड गेली नाही. शेवटी तेच कंटाळले आणि म्हणाले, "राहू दे गा. याचा सूर दरबारातला, तुझा वरातीतला." गल्लीत दरबार कुठून येणार? रोज वराती होत्या, म्हणून मी ते मनाला लावून घेतलं नाही. म्हणजे नाही असं सगळ्यांना दाखवलं.

तेव्हा तो माझा साडू नव्हता, नुसता दोस्त होता. त्याचं लग्न उमरेडच्या मुलीशी झालं. वर्षभरानं त्यानंच सासऱ्याकडे माझं नाव काढलं आणि तिच्या धाकट्या बहिणीशी माझं लग्न जमवलं. बायको चांगली मिळाली, तक्रार नाही. पण तीसुद्धा त्याच्या शिफारशीनं मिळाली, हे मला कोणी विसरू देत नाही. ती स्वतः तर मुळीच नाही. तिच्या बोलण्यात दर चार वाक्यांनी भाऊजी येतात. भाऊजी भाजी निवडून देतात, भाऊजींचा आवाज चढत नाही, भाऊजींनी गच्चीवर पत्रे टाकले. मी एखादी गोष्ट चांगली केली तरी ती म्हणते, "अजी, हे तर भाऊजींसारखं केलं तुम्ही." कधीतरी एकदा माझं कौतुक करावं आणि त्या वाक्यात भाऊजी येऊ नयेत, एवढी एकच इच्छा घेऊन मी संसार केला.

मागच्या हिवाळ्यात दुकानात निरोप आला. शहरातल्या मोठ्या स्टेडियमवर खेळांच्या स्पर्धांचं उद्घाटन होतं. त्यासाठी सगळ्या लग्नाच्या बँडमधून निवडून साठ-सत्तर जणांचा एक मोठा बँड उभा करायचा होता. वाजवून घेणारे साहेब परेडच्या बँडमधून निवृत्त झालेले, ताठ, पांढऱ्या मिशांचे. ते बसून चाचणी घेणार होते. आमच्या दुकानातून ट्रम्पेटवाले आम्ही दोघंच गेलो आणि दोघंही घेतले गेलो.

पण त्यात एक मोठी जागा होती. कार्यक्रम असा ठरला होता: आधी स्टेडियमचे दिवे मालवायचे. मग छतावरून फटाक्यांची आतषबाजी. ती संपली की पूर्ण शांतता, आणि त्या शांततेत मशाल पेटत असताना एकट्या ट्रम्पेटनं आठ सूर वाजवायचे. बस, आठच. त्यानंतर सगळा बँड उठणार. ते आठ सूर वाजवणारा सगळ्यांच्या पुढे, वेगळ्या माईकसमोर उभा राहणार होता. टीव्हीवर त्याचा चेहरा दिसणार होता.

साहेबांनी सगळ्या ट्रम्पेटवाल्यांना ते आठ सूर वाजवायला लावले. गाळत गाळत शेवटी दोघं उरलो, मी आणि साडू. त्या दिवशी मी आयुष्यात वाजवलं नसेल असं वाजवलं. श्वास तुटला नाही, शेवटचा सूर तर इतका लांबवला की मागचे लोक वाहवा म्हणाले. साहेब डोळे मिटून ऐकत होते. डोळे उघडून म्हणाले, "गोड आहे. पण तुम्ही घसरून वर जाता. लग्नात चालेल, इथे नाही. इथे सूर सरळ हवा." आणि साडूच्या खांद्यावर हात ठेवला.

मास्टरांना जाऊन किती वर्षं झाली होती, पण मला वाटलं छडी पुन्हा पोटरीवर बसली.

घरी पोहोचायच्या आधी बातमी पोहोचली होती. बायको फोनवर उमरेडला आईशी बोलत होती, "हो वं माय, भाऊजीले एकदम समोर उभं करून राहिले. टीव्हीवर येतील म्हणे!" फोन ठेवून तिनं मला विचारलं, "अन् तुम्ही कुठं राहाल?" मी म्हटलं, "मागच्या रांगेत." ती म्हणाली, "मागून ऐकू येते ना पण?" तिनं ते प्रेमानंच विचारलं. मी जेवलो नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

पुढचे पंधरा दिवस तालमी चालल्या आणि पंधरा दिवस मी जळलो. आडपडदा कशाला ठेवू? साडूला पांढरे हातमोजे मिळाले, आम्हाला नाहीत, त्यावर जळलो. त्याच्या कोटाचं माप वेगळं घेतलं, त्यावर जळलो. तो तालमीला येताना सगळ्यांसाठी संत्री घेऊन यायचा आणि मला दोन जास्त द्यायचा, त्यावर तर सगळ्यात जास्त. ट्रम्पेट वाजवणाऱ्याला सगळ्यात मोठी भीती तोंड येण्याची. ओठाच्या आत एक फोड आला की आठवडाभर वाजवणं बंद. मी रोज सकाळी देवासमोर हात जोडून मनात म्हणायचो, की याला तोंड येऊ दे. फार नको, एकच फोड. वर पुन्हा याला दुसरा कसलाही त्रास होऊ नये, असंही म्हणायचो, म्हणजे मागणं अगदीच वाईट दिसू नये.

त्याला तोंड आलं नाही. मलाच आलं, दोन दिवस. त्यानं मला तूप लावायला सांगितलं.

कार्यक्रमाच्या चार दिवस आधी संध्याकाळी रंगीत तालीम झाली. दिवे, माईक, फटाके सगळं खरंखुरं. स्टेडियमची खुर्ची न् खुर्ची रिकामी होती. साडू सगळ्यांच्या पुढे माईकसमोर. साहेबांनी उंचीप्रमाणे रांगा लावताना मला नेमकं त्याच्या पाठीमागे, दोन हातांवर उभं केलं होतं. पंधरा दिवस मी त्याच्या कोटाच्या मागच्या शिवणीकडे बघत होतो. साहेब स्वतः मैदानाच्या पार त्या टोकाला दिवेवाल्यांना काही समजावत होते.

इथे आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. वरात मांडवाच्या दाराशी आली की फटाक्यांची लांबलचक लड लावतात. ती वाजत असते तोवर बँड गप्प. शेवटचा फटाका फुटला रे फुटला की त्याच क्षणी ट्रम्पेटनं दारावरचं गाणं उचलायचं. मध्ये श्वासाचीही जागा सोडायची नाही, कारण तेवढ्यात नवरदेवाचे मित्र ओरडायला लागतात, "बँडवाले झोपले का बे?" मग क्लॅरिनेट, ढोल, ताशा सगळे मागून येतात. आमच्या दुकानात दारावरचं उचलायचं काम माझं. तिथे घसरून वर गेलेला सूर शोभतो, नवरीकडच्या बायका माना वळवून बघतात. तीस वर्षांत किती दारं झाली असतील, त्याची मोजदाद नाही. फटाके थांबले की माझा हात वर जातो. त्यासाठी मी काही ठरवत नाही.

दिवे गेले. छतावरून फटाके सुटले. हिरवे, तांबडे, एकामागून एक, आणि त्या रिकाम्या स्टेडियमात त्यांचा आवाज दुपटीनं घुमत होता. मी वर बघत होतो. शेवटचा मोठा बार झाला आणि शांतता पसरली.

आणि माझा हात वर गेला.

दारावरच्या गाण्याची पहिली ओळ, खालून घसरत वर गेलेली, साडूसमोरच्या माईकनं पकडली आणि चारही बाजूंच्या भोंग्यांतून बाहेर पडली. मला कळलं तेव्हा ओळ संपत आली होती. मी ट्रम्पेट खाली केलं, पण आता थांबणार कोण? साठ-सत्तर जण सगळे लग्नातले. ट्रम्पेटनं उचललं की मागून जायचं, हे त्यांच्याही हाडात मुरलेलं. क्लॅरिनेटवाले सुटले, ढोल सुटला, ताशे सुटले. अर्धा मिनिटभर त्या प्रचंड स्टेडियमात, रिकाम्या खुर्च्यांसमोर, अंधारात वरात दारात आली होती. मागे एक जण तर नाचायलाही लागला.

दिवे लागले. साहेब मैदान ओलांडून धावत आले. त्यांच्या मिशा थरथरत होत्या. "कोणी उचललं? हे लग्न आहे का कोणाचं?"

बाकीच्यांना खरंच माहीत नव्हतं. अंधार होता, आवाज भोंग्यांतून आला होता. माईकवाला म्हणाला, "साहेब, समोरच्या माईकवरून आला." साहेब ओरडले, "ज्यानं उचललं त्यानं आत्ताच्या आत्ता घरी जायचं! कोण होता?"

मी बोलणार होतो. आजवर मी स्वतःला असंच सांगत आलो आहे. तोंड उघडलंही असेल. पण त्याआधी साडू बोलला.

"मी उचललं साहेब. फटाके थांबले अन् हात आपोआप वर गेला."

त्यानं मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. मला त्याच्या कोटाची शिवण तेवढी दिसत होती.

साहेबांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. मग त्यांचा राग थोडा उतरला. चार दिवसांवर कार्यक्रम, घरी पाठवलं तर ट्रम्पेट कमी पडणार. ते म्हणाले, "मागच्या रांगेत जा. फटाके ऐकून ज्याचा हात वर जातो, त्याला मी पुढे उभा करू शकत नाही." मग माझ्याकडे बोट केलं. "तुम्ही या पुढे. पण सरळ वाजवायचं. घसरलात तर तुम्हीही मागे." साडूनं पांढरे हातमोजे काढून माझ्या हातात दिले. ते आतून गरम होते.

फटाके ऐकून हात वर जाणारा माणूस हातमोजे घालून पुढे गेला. तोंडातून शब्द काढला नाही.

घरी बायकोला सांगितलं, साहेबांनी मला पुढे घेतलं. तिला आनंद झाला, पण लगेच म्हणाली, "अन् भाऊजी?" मी म्हटलं, त्यांच्याकडून चूक झाली. "भाऊजींकडून?" तिचा विश्वासच बसेना. तिनं बहिणीला फोन लावला. बहीण म्हणाली, हो, हे पण तेच म्हणत होते, चूक झाली म्हणून, आणि हसत होते. म्हणजे त्यानं स्वतःच्या बायकोलाही खरं सांगितलं नव्हतं. बायको दोन दिवस भाऊजींसाठी हळहळत होती. पुढे मी उभा राहणार, आणि घरात सुतक त्याचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्वतः घरी आला. हातात ट्रम्पेटची पेटी. म्हणाला, "चल, सरळ सूर घ्यायचा सराव करू. दिवस कमी हायेत." मी नाही म्हणू शकलो नाही. आम्ही मागच्या खोलीत बसलो. त्यानं माझ्या ओठांकडे बारकाईनं पाहिलं आणि जे मास्टरांना दहा वर्षांत सांगता आलं नव्हतं ते दोन वाक्यांत सांगितलं. "तू फुंक आधी सोडून राहिला अन् ओठ मागून आवळून राहिला. आधी ओठ धर, मग सोड." मी तसं केलं. सूर नेमका जाऊन उभा राहिला. पन्नाशीत पहिल्यांदा! मला रडू यायला हवं होतं. माझ्या मनात मात्र हेच आलं, की याला हे इतकी वर्षं माहीत होतं आणि यानं सांगितलं नाही. मग आठवलं, मीच कधी विचारलं नव्हतं.

तो रोज दुपारी आला. त्या दिवसाबद्दल काही बोलेल म्हणून मी वाट पाहत होतो. त्यानं अवाक्षर काढलं नाही. चहा प्यायचा, माझ्या बायकोशी उमरेडच्या गोष्टी करायचा, ती खळखळून हसायची. शेवटच्या दिवशी जाताना दारात चपला घालता घालता म्हणाला, "हे सरळ त्या एका दिवसापुरतं ठेव गा. दारावरचं मात्र घसरूनच घेत जा. त्या दिवशी काय गोड उचललं तू! मले तर हसूच आवरेना."

मी विचारलं, "माहीत होतं तर माझं नाव काहून नाही सांगितलं?"

"साहेब घरी पाठवून राहिले होते ना," तो म्हणाला. "मले पाठवलं असतं तं जमलं असतं. तुले नसतं जमलं."

तो सहज बोलला, टोमणा नव्हता. म्हणजे माझा तीस वर्षांचा जळफळाट त्याला सगळा दिसत होता. संत्री दोन जास्त का द्यायचा, तेही मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "मी सांगतो उद्या साहेबांले." तो म्हणाला, "काही गरज नाही. दोघी बहिणी पास घेऊन बसल्या, आता गोंधळ नको." आणि गेला. मी पुन्हा आग्रह केला नाही, त्याच्या मागे रस्त्यापर्यंतही गेलो नाही. उलट दार लावताना मला त्याचा राग आला. एक चूक माझ्या हक्काची होती, तीही यानं घेतली आणि माझ्यापेक्षा छान निभावली.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी स्टेडियम भरलं होतं. माणसं इतकी, की त्यांचा आवाज छातीत जाणवत होता. आमच्या दोघांच्या बायका डावीकडच्या वरच्या पायऱ्यांवर कुठेतरी बसल्या होत्या, दोघी सारख्याच रंगाच्या साड्या नेसून. मी माईकसमोर होतो. साडू तिसऱ्या रांगेत होता.

दिवे गेले. फटाके सुरू झाले. मी ट्रम्पेट धरलेला उजवा हात डाव्या हातानं घट्ट धरून ठेवला, लहान मुलाला गर्दीत धरतात तसा. शेवटचा बार झाला आणि हाताला झटका बसला, पण सोडला नाही. शांतता आली. मैदानाच्या मधोमध मशाल पेटली. समोर साहेबांचा हात वर गेला.

त्या एका क्षणात मला माझा सूर ओठांवर जाणवला. खालून घसरत वर जाणारा, आयुष्यभराचा, माझा. तो सोडला असता तर एवढ्या लोकांनी मला ऐकलं असतं. पण तो सूर चार दिवसांपूर्वी याच भोंग्यांतून बाहेर पडला होता. पुन्हा एकदा ऐकला असता तर साहेबांनी तिथल्या तिथे ओळखलं असतं, त्या संध्याकाळी कोण वाजवत होता ते.

मी आधी ओठ धरले आणि मग फुंक सोडली. सूर नेमका जाऊन उभा राहिला. दुसरा, तिसरा, आठही. एकही घसरला नाही. साहेबांनी मान डोलावली, मागून सगळा बँड उठला आणि स्टेडियम टाळ्यांनी भरून गेलं. ते सगळं माझ्यासाठी होतं, आणि मी उभा राहून ते घेतलं.

कार्यक्रम संपल्यावर फाटकाबाहेर, गाड्या लावतात तिथे दोघी बहिणी आमची वाट पाहत उभ्या होत्या. साडू माझ्या शेजारून चालत होता, त्याची पेटी आणि माझीही पेटी त्याच्याच हातात. माझ्या बायकोचे डोळे भरलेले होते. इतक्या वर्षांत माझं वाजवणं ऐकून तिचे डोळे कधी भरले नव्हते. तिनं सगळ्यांसमोर माझा हात धरला.

"अजी, एवढ्या वरून तुमचं तोंड काही दिसत नव्हतं. म्या डोळे मिटूनच ऐकलं," ती म्हणाली. "खरं सांगू? भाऊजीच वाजवून राहिले असं वाटलं."

साडूनं माझ्याकडे पाहिलं नाही. तो पेट्या स्कूटरला बांधत होता. मी बायकोला म्हटलं, "हो, त्याचंच होतं ते," आणि तिला वाटलं मी विनय दाखवतोय.